काका, ३७ आणि ३८ साठी थँक्यू

काका, तुम्ही व्हॉट्सॲप उघडत नाही म्हणून तुमच्या मुलीला सांगितलंय हे वाचून दाखवायला. परवा व्हायवा झाला आणि घरी येऊन मी आधी रडले, कारण बाहेरून आलेल्या परीक्षकांनी जे सगळ्यात जास्त वेळ विचारलं ते तुमच्यामुळेच थिसिसमध्ये होतं.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. काका आमच्या लॅबमध्ये टेस्टच्या मशीनवर असतात, आणि ३७, ३८ हे माझ्या थिसिसच्या स्टीलच्या सॅम्पलचे नंबर. गरम स्टील रोलरखाली दाबलं की कडक होतं आणि पुढच्या पासपर्यंतच्या काही सेकंदात आत नवे ग्रेन (धातूचे बारीक स्फटिक) तयार होऊन परत मऊ होतं, ते किती मऊ झालं हे मोजायला डबल हिट टेस्ट करतात. आधी १२०० डिग्रीला तापवून स्टीलमध्ये थोडासा घातलेला नायोबियम हा धातू विरघळवायचा, मग ९०० ला आणून एक ठोका, थोडं थांबायचं, दुसरा ठोका. दुसऱ्या वेळी पहिल्याइतक्याच जोरात यील्ड झालं, म्हणजे कायमचं दबायला लागलं, तर पूर्ण मऊ झालंय, आणि पहिला ठोका जिथे संपला तेवढाच जोर लागला तर काहीच झालेलं नाही. किती टक्के मऊ झालं याचा माझा कर्व्ह १००० डिग्रीला छान वर गेला, पण ९०० ला १० सेकंदांनंतर ४० टक्क्यांच्या आसपास अडकून बसला, १०० सेकंद थांबले तरी तिथेच.

ज्यांनी आधी चार महिने मशीनचा स्लॉट नाही स्लॉट नाही करून फिरवलं ते म्हणाले थर्मोकपल (तापमान मोजायची तार) सुटला असेल. दुसऱ्या एकांनी तर कर्व्हकडे धड बघितलंही नाही, "ते अडकलेले तीन पॉइंट काढून टाक, अव्रामीची लाइन मस्त बसेल." (अव्रामी म्हणजे वेळेनुसार किती नवे ग्रेन होतात त्याचं नेहमीचं सूत्र.) हे मला अजून लागतं काका, कारण त्या दिवशी मी खरंच काढणार होते, सॅम्पल संपले होते आणि परत मागायची हिंमत नव्हती.

तुम्ही तेव्हा काहीच बोलला नाहीत. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत माझ्यासमोर काडेपेटी ठेवलीत, आत कापसात दोन सॅम्पल, माझ्याच उरलेल्या रॉडमधून लेथवर काढलेले, १० मिलिमीटर व्यास, १५ मिलिमीटर लांबी. माझा शेवटचा नंबर ३६ होता आणि त्यांच्यावर पेन्सिलने ३७, ३८ लिहिलेलं. मी ते नंबर बघतच राहिले, मी मनातून सगळं गुंडाळून टाकलं होतं आणि तुम्ही मात्र माझं काम चालूच आहे असं धरून पुढचे आकडे टाकले होते. कोणी सांगितलं नव्हतं, तुमच्या ड्युटीतही ते बसत नव्हतं.

थर्मोकपल तुम्ही स्वतः वेल्ड केलात, मनासारखा नाही झाला म्हणून काढून परत केलात, सॅम्पल आणि मशीनच्या मध्ये ठेवायची टँटलम धातूची फॉइल नवी लावलीत. ३७ ला परत ४०. मग ३८ ला एकच ठोका, ५० सेकंद, आणि सरळ पाण्यात. पिक्रिक ॲसिडने त्याच्या बाउंड्री (ग्रेनच्या सीमा) उठायला मला नऊ दिवस लागले, पण दिसलं ते असं की जुने ग्रेन तसेच चपटे पडलेत आणि त्यांच्या कडेला थोडेसेच नवे. त्या ४० मधले साधारण २० तर नुसत्या रिकव्हरीचे (नवे ग्रेन न होताच आलेल्या मऊपणाचे) धरतात, मग उरलेल्या ८० मधले २०, म्हणजे खरं रिक्रिस्टलायझेशन, नवे ग्रेन होणं, जेमतेम पाव भाग. नायोबियम कार्बाइडचे अगदी बारीक कण ठोक्यानंतर बाहेर पडून बाउंड्रींना धरून ठेवतात, म्हणून कर्व्ह अडकतो, आणि पाइपलाइनच्या प्लेटमध्ये नायोबियम घालतात तेच मुळी यासाठी. जे तीन पॉइंट फेकायचे होते त्यांच्यावर आता अख्खं चॅप्टर आहे.

चुकलीस म्हणायच्या आधी परत एकदा करून बघणारी माणसं मला फार कमी भेटली काका. हुशार खूप भेटले.

तुम्ही बदल्यात एकच मागितलं होतंत, "आत काय झालं ते मला पण दाखव, एवढी वर्षं नुसते ठोकतोय." ३८ चा फोटो मोठा प्रिंट केलाय, नवे ग्रेन कुठले ते लाल पेनाने दाखवलेत. शनिवारी घेऊन येते.