मनू, भरल मोजायला मिळाले म्हणून नाराज होऊ नकोस

मनू बाळा,

काल तू म्हणालीस की हिमबिबट्याचे आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेरा ट्रॅपच्या कामावर नाही घेतलं, भरल, म्हणजे हिमालयातल्या त्या रानमेंढ्या, मोजणाऱ्या टीममध्ये टाकलंय, आणि तुझा आवाज एवढासा झाला, तेवढ्यात नेटवर्क गेलं, म्हणून लिहितेय.

अगं हिमबिबट्या जगतो कशावर, या भरल आणि आयबेक्स नावाच्या रानबकऱ्यांवरच ना, मग ते किती आहेत हेच माहीत नसेल तर नुसते बिबट्याचे फोटो घेऊन काय कळणार. 2024 मध्ये आपल्या देशातल्या हिमबिबट्यांचा आकडा आला ना 718, त्यातले कॅमेऱ्यात ओळखू आलेले 241च, बाकी सगळा अंदाज हिशोबाने काढलेला. शेवटी काम मोजणीचंच.

आणि वसंतातली मोजणी तर मला फारच मोलाची वाटते, कारण गेल्या उन्हाळ्यात जन्मलेल्या पिल्लांपैकी हिवाळा काढून किती उरली ते आत्ताच दिसतं. तू सांगितलंस की दोघं एकच दरी वेगवेगळी मोजतात आणि दोघांच्या नोंदी जुळवून किती कळप नजरेतून सुटले असतील ते काढतात. म्हणून सांगते, सिनियरचा आकडा जास्त आला तरी तुझा खोडू नकोस, तुला दिसले तेवढेच लिही. ते दगडाच्याच रंगाचे, हलले नाहीत तर कोणालाही दिसणार नाहीत. आणि अख्ख्या दरीत काहीच दिसलं नाही तर शून्य लिही, रकाना रिकामा सोडू नकोस.

जवळ मात्र जाऊ नकोस गं. माद्या गाभण, अंगातली चरबी हिवाळ्यात संपलेली, कोवळं गवत आत्ता कुठे फुटतंय, त्यात तुमच्यामुळे पळापळ झाली तर त्यांनी ताकद आणायची कुठून? स्कोप आहे ना, लांबूनच बघ.

डोकं दुखलं, मळमळलं तर टीमपासून लपवायचं नाही, कितीही महत्त्वाचा दिवस असला तरी. 3000 मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा रोज 500 मीटरपेक्षा जास्त चढवू नका, आणि त्रास वाढला तर सरळ खाली उतर. दुपारी उन्हाने बर्फ सैल होतो, बर्फाचे उतार सकाळीच ओलांडा.

नेटवर्क आलं की फोटो नाही पाठवलास तरी चालेल, त्या दिवशी माद्या किती आणि पिल्लं किती दिसली तेवढं कळव, मी इकडे वहीत लिहून ठेवतेय.

तुझी आई