दहात एक की एकात दहा?

महोदय,

जीवशास्त्राच्या प्रात्यक्षिक वह्यांमध्ये ‘सस्पेन्शन 1:10 डायल्यूट केले’ (म्हणजे पेशी किंवा जिवाणू तरंगत असलेला द्रव पातळ केला) हे वाक्य सर्रास आढळते आणि परीक्षकही त्यावर बरोबरची खूण करून पान उलटतात. परंतु त्यावरून नेमके काय किती मिसळले, हे कोणालाच सांगता येत नाही. एक भाग सस्पेन्शनमध्ये नऊ भाग माध्यम (ज्याने पातळ करायचे तो द्रव) घातले तर ते दहापट विरल होते, दहा भाग घातले तर अकरापट. एका पायरीत हा फरक किरकोळ वाटतो. मात्र जिवाणूंच्या वसाहती मोजण्यासाठी अशा सहा पायऱ्या सलग केल्या, की विरलन दहा लाखपट न राहता सुमारे 17.7 लाखपट होते आणि मूळ नमुन्यातील संख्या जवळजवळ 44 टक्क्यांनी कमी भरते.

प्लेटमध्ये पेशी लावतानाही हीच गफलत होते. हिमोसायटोमीटरचा, म्हणजे पेशी मोजण्याच्या चौकटी आखलेल्या काचपट्टीचा, मोठा चौरस 1 मिलिमीटर बाजूचा आणि 0.1 मिलिमीटर खोलीचा, म्हणजे त्यात मिलिलिटरचा दहा हजारावा भाग मावतो. मिलिलिटरमागे पेशी काढण्याच्या सूत्रातले 10,000 येते ते इथूनच, हे किती विद्यार्थ्यांना ठाऊक असते? चार चौरसांत मिळून 200 जिवंत पेशी दिसल्या तर सरासरी 50, ट्रिपॅन ब्लू (मृत पेशी निळ्या करून वेगळ्या दाखवणारा रंग) समप्रमाणात मिसळले असल्यास दुप्पट, आणि 10,000 ने गुणल्यावर मिलिलिटरमागे 10 लाख. आता 96 खळग्यांच्या प्लेटमध्ये दर खळग्यात 100 मायक्रोलिटरमधून 10,000 पेशी हव्या असतील, तर थोडे जास्तीचे धरून 11 मिलिलिटर तयार करावे लागते; त्यासाठी 1.1 मिलिलिटर सस्पेन्शन आणि 9.9 मिलिलिटर माध्यम. अनेक जण मात्र 1.1 मिलिलिटर थेट 11 मिलिलिटर माध्यमात ओततात. ट्रिपॅन ब्लूची दुप्पट विसरणारा तर याहून मोठा घोटाळा करतो: सस्पेन्शन अर्धेच दाट समजून दुप्पट घेतो आणि प्रत्येक खळग्यात 20,000 पेशी टाकून मोकळा होतो.

(200 पेशींच्या मोजणीत निव्वळ योगायोगानेच सुमारे 7 टक्क्यांची चूक संभवते, तरी उत्तर सहा दशांश स्थळांपर्यंत लिहिण्याचा सोस का, हा वेगळाच प्रश्न.)

तेव्हा वह्यांमध्ये ‘1:10’ हे चिन्ह ग्राह्य धरू नये. किती सस्पेन्शन घेतले, किती माध्यम घातले आणि एकूण आकारमान किती झाले, हे तिन्ही आकडे लिहिल्याशिवाय गुण देऊ नयेत, अशी प्रात्यक्षिकांच्या परीक्षकांना विनंती आहे.

आपला,
एक प्रयोगशाळा मार्गदर्शक