समभाग म्हणजे नक्की किती?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या महिन्यात तुमच्या रविवारच्या पुरवणीत मेंदूसाठीच्या वनस्पतींवर लेख आला होता. ब्राह्मी, शंखपुष्पी, अश्वगंधा, जटामांसी, वेखंड, मिरपूड, सगळं समभाग, म्हणजे सारख्याच मापात, आणि सकाळ-संध्याकाळ एक चमचा. आमच्या रामबागेत त्याचं कात्रण व्हॉट्सअ‍ॅपवर इतकं फिरलं की सकाळी पोहे आणायला गेलं तरी तोच विषय, आणि मीही ते घेऊन आमच्या इंदूरचा सियागंज बाजार गाठलाच, कारण वर्षभरापासून दूध गॅसवर ठेवून मी तुळशीला पाणी घालायला जायची आणि नातीला हाक मारायची तर तोंडात लेकीचं नाव यायचं.

पहिल्या पंसारीने ब्राह्मी म्हणून चुरगळलेली गोल पानं दिली, लांब देठांची. कमी पडली म्हणून पुढच्या दुकानातून घेतली तर ती निराळीच, नुसत्या बारीक काड्या आणि त्यांना इवली इवली पानं. घरी दोन्ही पुड्या पेपरावर शेजारी शेजारी पसरल्या तर एकीचा दुसरीशी काही संबंध नाही. ओळखीच्या वैद्यांना दाखवल्या तर ते हसले, म्हणाले पहिली मंडूकपर्णी, दुसरी जलब्राह्मी, लोक दोन्हींना ब्राह्मीच म्हणतात. शंखपुष्पीचंही तेच, केरळात त्या नावाने गोकर्ण वापरतात. आता तुमच्या लेखात कुठली ब्राह्मी होती ते तुम्हीच सांगा. स्मरणशक्तीवर थोडाफार फायदा दिसला ते अभ्यास बहुतेक जलब्राह्मीचे, तेही साधारण १२ आठवडे रोज घेतल्यावर, आणि त्याने डिमेन्शिया, म्हणजे उतारवयात स्मृती आणि समज जाण्याचा आजार, टळतो असं कोणी दाखवलेलं नाही. जिंको नावाच्या परदेशी झाडाच्या औषधाचा तर २००८ साली निकालच लागला, ३०६९ वयस्कर लोकांवर कित्येक वर्षं पाहिलं, डिमेन्शिया काही कमी झाला नाही.

पण माझा खरा राग त्या 'समभाग' शब्दावर आहे. आमची आजी बाळगुटी उगाळायची तेव्हा सहाणेवर बदामाचे वेढे मोजून जास्त आणि वेखंडाचा जेमतेम अर्धा, आणि आम्ही पोरींनी वेखंडाला हात लावला की ओरडायची. (बाळांना गुटी द्या असं मी म्हणत नाहीये, डॉक्टर नको म्हणतात, सुनेनेही ऐकलं नसतं.) त्या वेखंडात बीटा-असारोन नावाचं द्रव्य असतं, त्याच्यापायी अमेरिकेने १९६८ सालीच ते खाण्याच्या वस्तूंत घालायला बंदी केली. ते जटामांसी-अश्वगंधेच्या बरोबरीने चमचा चमचा? चरकसंहितेतली मेध्य, म्हणजे बुद्धीसाठीची, रसायनं चारच, मंडूकपर्णी, ज्येष्ठमध, गुळवेल, शंखपुष्पी, आणि तिथेही प्रत्येकाची रीत वेगळी, कुणाचा रस, कुणाचं चूर्ण दुधातून, कुणाचा कल्क, म्हणजे वाटून केलेला गोळा. सगळं मिक्सरमधून काढा असं तिथे काही नाहीये.

आणि आमच्याकडे झालं काय, मी चूर्ण केलं ते स्टीलच्या डब्यात सगळ्यांसाठीच, धाकटे दीरही घ्यायला लागले. त्यांना तरुणपणापासून फिट्स येतात, फेनिटोइनची गोळी चालू आहे आणि त्या गोळीवर कित्येक वर्षं काही त्रास नव्हता. तिसऱ्या आठवड्यात बाथरूममध्ये पडले, दाताखाली जीभ आली, भुवईवर चार टाके. डॉक्टरांनी आधी विचारलं गोळी चुकली का, चुकली नव्हती, मग विचारलं आणखी काय घेता, आणि दीर माझ्याकडे बघायला लागले. रक्तातली औषधाची पातळी तपासली तर नेहमीपेक्षा बरीच खाली. डॉक्टर म्हणाले चूर्णामुळेच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही, पण १९९२ साली मुंबईच्या डॉक्टरांनी नेमकं हेच लिहिलंय, शंखपुष्पीचं सहा वनस्पतींचं एक सिरप घेणाऱ्या दोन पेशंटांना आटोक्यात असलेल्या फिट्स परत आल्या, मग उंदरांवर पाहिलं तर त्यांच्याही रक्तात फेनिटोइन उतरलेलं. आमचं चूर्ण म्हणजे ते सिरप नव्हे, तरी शंखपुष्पी आणि जटामांसी दोन्हींत आहेतच. वर मिरीची गंमत वेगळीच, हळदीतलं करक्युमिन अंगाला लागत नाही म्हणून मिरी घालतात ते बरोबरच, पण ती मिरी फेनिटोइनची पातळीसुद्धा वर चढवते. म्हणजे एकाच चमच्यात एक खाली ओढणार, दुसरी वर, आणि मधे आमचे दीर.

माझ्या विसरण्याचं कारण शेवटी बी-१२ जीवनसत्त्व कमी पडणं हे निघालं. शुगरसाठी मेटफॉर्मिन खूप वर्षं घेतलं की ते कमी होऊ शकतं, तुमच्या लेखात त्याचं एक वाक्य असतं तर माझी सियागंजची खेप वाचली असती. तसंच बीपी, शुगर, कानाला कमी ऐकू येणं, एकटं पडणं, यांनी डिमेन्शियाचा धोका वाढतो हे मोठमोठ्या अभ्यासांतून आलंय, पण बापूंना कानाचं मशीन लावा म्हटलं की घरात कोणी ऐकत नाही आणि चूर्ण म्हटलं की सगळे चमचा घेऊन हजर.

मी आयुर्वेदाच्या विरोधात नाही हं. अश्वगंधा तर आपल्या नीमच-मंदसौरची, मी स्वतः हिवाळ्यात दुधातून घ्यायची, पण तिनेही थायरॉईडची पातळी हलते आणि क्वचित लिव्हरला त्रास झालेला आहे. तेव्हा विनंती एवढीच की यापुढे असा लेख छापाल तेव्हा झाडाचं शास्त्रीय नाव, कुठला भाग, किती ग्रॅम, किती दिवस, आणि रक्त पातळ करायच्या, फिटच्या, थायरॉईडच्या, झोपेच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना दाखवा, हे लेखाच्या वर ठळक अक्षरात द्या, खाली बारीक चौकटीत नको. ते कात्रण व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवायची जबाबदारी माझी.

आपली,
एक जुनी वाचक, रामबाग, इंदूर