तोपकापी मंगळवारी बंद असतं

नाशिकरोड,
रविवार सकाळ

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तुला एक थाप मारली होती, ती आधी निस्तरतो. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यातला तो ८६ कॅरटचा हिरा आम्ही पाहिलाच नाही. तू विचारलंस तेव्हा आई पटकन म्हणाली, "हो, केवढा मोठा!" आणि मी मागून "फोटो नाही काढले गं" अशी पुस्ती जोडली. त्यात फोटो नाही काढले, एवढंच काय ते खरं.

झालं असं की, तू करून दिलेल्या तक्त्यात शेवटच्या दिवशी सकाळी तोपकापी होतं आणि तो निघाला मंगळवार. मंगळवारी तो राजवाडा बंद. आमच्यासारखे आणखी दहा-वीस जण तिथे तोंडं पाडून उभे होते. आई म्हणाली, "मुक्ताला सांगू नका हं, उगाच मनाला लावून घेईल." तू मनाला लावून घेऊ नकोस. पस्तीस वर्षं मी करन्सी नोट प्रेसमध्ये ताव तपासले आणि लेकीने दिलेला एक कागद मला तपासता आला नाही.

विमान रात्री उशिराचं. हातात अख्खा दिवस आणि खिशात उरलेल्या लिरा. त्या परत बदलून घ्यायच्या तर नुकसान ठरलेलं. मी हिशेब मांडत होतो, तेवढ्यात आईच म्हणाली, "त्यापेक्षा खाऊन संपवू." गोदाकाठी भाजी आणायला गेली तरी घरून पाण्याची बाटली नेणारी ही बाई! मी लगेच हो म्हटलं, न जाणो मत बदललं तर.

शेजारच्या गुलहाने बागेत ट्यूलिप फुलले होते. तिथे बाकावर बसून चिवड्याचा शेवटचा पुडा संपवला. मग उतारावरून रमतगमत एमिनोनूच्या धक्क्याकडे निघालो. वाटेत मिसर बाजार लागतो. मिसर म्हणजे इजिप्त. तिकडून येणाऱ्या महसुलातून हा बाजार बांधला म्हणून ते नाव, १६६४ साली पुरा झाला म्हणतात. आत हळद, सुमाक, केशर, मिरच्यांचे ढीग. आईने प्रत्येक ढिगाचा वास घेतला आणि "आपला काळा मसाला यांना माहीत नाही" असा निकाल दिला. एका दुकानदाराने तिच्या तळहातावर चार बेदाणे ठेवले आणि म्हणाला, "सुल्तानिये." तिने एक चावला, थांबली, माझ्याकडे बघितलं. "हे तर दादाच्या बागेतले." मला आधी हसू आलं, पण बाई बरोबर होती. तुझा निफाडचा मामा जिला थॉमसन म्हणतो, ती हीच जात. अमेरिकेत कुणा थॉमसनने लावली म्हणून तिथे ते नाव पडलं आणि तेच आपल्याकडे आलं. आता ती मामाला फोन करून म्हणते, "तुझी वेल तुर्कांची आहे बरं का!" मामाला ते अजून पटलेलं नाही.

गलाता पुलावर गळ टाकून बसलेल्यांची रांग आणि खाली तळल्या-भाजल्या मासळीचा वास. आईने पदर नाकाला लावला आणि आम्ही बोटीत चढलो. पलीकडचं कादीकोय आशियात येतं, जेमतेम वीस मिनिटं लागतात. "आशिया लागला की सांगा," ती म्हणाली, "घरी आल्यासारखं वाटतं का ते बघते." बोटीवर एक माणूस तबक घेऊन बिनदुधाचा चहा विकत फिरतो, कमरेशी बारीक अशा इवल्याशा पेल्यांत. सहा दिवस ती त्याला काढा म्हणत होती. त्या दिवशी तीन प्याली. सिमित घेतलं होतं, ते तीळ लावलेलं कडबोळं. (कडबोळं हे आईचं नाव. चव पावाची.) अर्धं आम्ही खाल्लं, अर्धं सीगलांना टाकलं. ते उडता उडता तुकडा झेलतात. आई चक्क टाळ्या वाजवत होती. तिला टाळ्या वाजवताना मी तुझ्या बक्षीस समारंभानंतर पाहिलं नव्हतं.

आशिया लागला. "काही फरक नाही," ती म्हणाली.

कादीकोयच्या बाजारात ती लोणच्याच्या दुकानासमोर हलेचना. कोबी, काकडी, गाजर, सगळं बरण्यांत मिठाच्या पाण्यात, तेलाचा थेंब नाही. लोणच्याचं ते पाणी लोक पेल्याने पितात. तिनेही एक घोट घेतला आणि डोळे घट्ट मिटले. मग एका छोट्या खाणावळीत तू लिहून दिलेली चिठ्ठी दाखवली: एत योक, तावुक योक, बालिक योक. मांस नाही, कोंबडी नाही, मासे नाहीत. त्यांनी मसुरीचं सूप आणलं, वर लिंबाची फोड. "वरणच की हो," म्हणत तिने दोन वाट्या संपवल्या. शेवटी कुनेफे. शेवयांच्या दोन थरांमध्ये वितळलेलं चीज, वरून पाक आणि पिस्त्याचा चुरा. मी एकट्याने खाल्लं. साखरेचं काय, हे विचारू नकोस. निघताना आईने हात उंचावून सरळ "हिशेब" म्हटलं आणि पोऱ्या बिल घेऊन हजर! तुर्कीत बिलाला हेसाप म्हणतात. हा शोध सातव्या दिवशी लागावा?

परतीच्या बोटीत मी उरलेल्या नोटा उजेडाला धरून बघत बसलो. जुनी खोड. पुढच्या बाजूला सगळ्यांवर त्यांचे राष्ट्रपिता अतातुर्क, मागे मात्र निरनिराळी माणसं. पन्नासवर एक लेखिका. दोनशेवर युनुस एम्रे, त्यांचा संतकवी, साधारण आपल्या निवृत्तिनाथ-ज्ञानदेवांच्या काळातला. ती नोट मोडताना जिवावर आलं. समोर मावळतीला मिनार काळे होत चालले होते, आई मोजत होती आणि चौदावर येऊन चुकत होती. मला म्हणाली, "हिरा पाहिला असता तर हे राहिलं असतं." मी नोटांत डोकं घालून "हं" म्हटलं.

सगळं खाऊन संपवलं, फक्त दहाची एक नोट ठेवली. ती मावशीच्या हाती पाठवतो आहे, घडी घालू नकोस. मागे चाहित आर्फ नावाचे गणितज्ञ आहेत आणि शेजारी त्यांचं सूत्र छापलं आहे. मला ओ की ठो कळलं नाही. तुझ्या वर्गातल्या मुलांना दाखव आणि तुला कळलं तर मला फोनवर समजावून सांग. आईच्या दुपारच्या झोपेच्या वेळी कर, म्हणजे निवांत बोलता येईल.

तुझा,
बाबा