एडिसनची खाट

चि. समीर,
अनेक आशीर्वाद.

तुझी साखर वाढल्याचं काल मृण्मयीकडून कळलं. तिच्यावर रागावू नकोस, मीच खोदून खोदून विचारलं. औषध, पथ्य डॉक्टरांनी सांगितलंच असेल. त्यावर मी काही बोलणार नाही.

खरं म्हणजे तिकडे अमेरिकेत आलो असताना तू आम्हाला वेस्ट ऑरेंजला नेलंस, त्याबद्दल तुला लिहायचं राहून गेलं होतं. एमएसईबीच्या खांबांवर ज्याचा जन्म गेला त्याला एडिसनचं घर दाखवायचं, हे तुला सुचलं. मला काय वाटलं ते तिथे बोलता आलं नाही. आई त्या घराच्या, ग्लेनमाँटच्या, २९ खोल्यांमधलं फर्निचर बघत होती आणि मी वायरिंग कुठून फिरवलं असेल ते शोधत होतो. टेकडीखालच्या प्रयोगशाळेत वीज तयार करायची आणि जमिनीखालून तारा टाकून वर घरात आणायची! तीही डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी, अंतर जास्त असतं तर व्होल्टेज पडलं असतं. १८८६ साली मिनाबाईंशी लग्न झालं तेव्हा घर घेतलं, पुढच्याच वर्षी खाली प्रयोगशाळा. मागे ते ओतीव काँक्रीटचं गॅरेज १९०८ चं, आणि त्यात विजेवरच्या गाड्या चार्ज करायची सोय. आपल्याकडे आत्ता कुठे ते आलंय.

पण माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही ती प्रयोगशाळेच्या लायब्ररीतली खाट. एवढा उंच दालनभर पुस्तकांचा पसारा आणि कपाटांच्या मध्ये कोनाड्यात ती अरुंद खाट. नवरा टेबलावर नाहीतर बाकड्यावर आडवा होतो, म्हणून मिनाबाईंनी ती तिथे ठेवली. मी तुला दाखवायला वळलो तर तू बाहेर फोनवर. घरामागे त्या दोघांच्या शेजारी शेजारी समाध्या आहेत, तिथेही तुझं फोनवर चालूच होतं.

रात्री नक्की किती वाजता झोपतोस? आम्ही होतो तेव्हा दोनला पाणी प्यायला उठलो की तुझ्या खोलीत दिवा असायचा. तू म्हणशील, एडिसन चार तास झोपायचा आणि तरी ८४ वर्षं जगला. अरे, तो दिवसा कुठेही डुलकी काढायचा, हे का विसरतोस? आणि १९३१ साली त्याच घरात गेला तोही मधुमेहाने पोखरलेला. आपल्या घरात तर हे रक्तातच आहे. अप्पांचा पाय तू पाहिलायस. ड्रेसिंग करताना तू दाराआड उभा राहायचास.

पुन्हा तेच सुरू केलं मी, माफ कर. तू लहान नाहीस.

तू हेही म्हणशील, बाबा, तुम्ही तरी कुठे झोपायचात? खरंय. २००५ च्या महापुरात सबस्टेशनमध्ये पाणी शिरलं तेव्हा मी घरी नव्हतोच. आलो तेव्हा तू दारात बॅटरी घेऊन उभा, आणि पहिलं काय विचारलंस, तर ट्रान्सफॉर्मर वाचला का! तेव्हाच मी आईला म्हटलं होतं, हा पोरगा इंजिनियर होणार. आज तिथे तुझ्या हाताखाली माणसं आहेत, हे मी दत्त मंदिरात चारचौघांत सांगतो. पण समीर, माझा पूर ओसरला आणि मी दीड दिवस झोपलो. तुझा पूर वर्षानुवर्षं ओसरतच नाही. डबल ड्यूटी करून खांबावर चढलेला आमचा एक गडी डोळ्यादेखत खाली आलेला मी पाहिलाय. कामात तो कोणाला हार जाणारा नव्हता, फक्त दोन रात्री जागला होता.

काम सोड असं मी म्हणत नाही. एडिसनचा प्रयोगशाळेभोवतीचा कारखाना १९१४ साली आगीत सापडला, निम्मा गेला. सदुसष्टाव्या वर्षी त्याने पुन्हा उभा केला. तूही तसाच आहेस, चिवट, तुझ्या आजीसारखा. म्हणून तर जास्त भीती वाटते. चिवट माणूस दुखलेलं सांगत नाही.

पुढची तपासणी कधी आहे? उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची, दोन्ही साखर कर. रिपोर्ट आला की फोटो काढून मला पाठव. आईच्या फोनवर नको, ती रात्रभर बसून राहील. आणि पाठवशील ते तिकडच्या रात्री दोनला नको.

मृण्मयीला व छकुलीला आशीर्वाद.

तुझा,
बाबा