गाडी घरी रंगवा, पण हार्डनर घरात आणू नका

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरच्या घरी गाडी रंगवून पैसे कसे वाचवावेत, असा लेख आला होता. तेव्हापासून कॉम्प्रेसर भाड्याने मिळेल का, असे फोन मला येत आहेत. मी धुळ्यात देवपूरला डेंटिंग-पेंटिंगचं काम करतो. आधी आग्रा रोडवर ट्रकांना ब्रशने इनॅमल मारायचो, पुढे कारच्या कामात आलो. धंदा बुडेल म्हणून हा लिहितोय, असं कोणी म्हणेल. म्हणू द्या. घरी बिघडलेल्या गाड्या शेवटी आमच्याकडेच येतात आणि जुना रंग खरवडायचे पैसे आम्ही वेगळे लावतो.

लेखातलं बरंचसं बरोबर आहे. पुट्टी, प्रायमर, पाणीपेपर हा क्रम ठीक आहे. काचेवर जुनी वर्तमानपत्रं चिकटवायला सांगितलंय, तेही चालतं. आपला पेपर आमच्या कामाला रोज येतो, वाचून झाल्यावर. एकच पान लावलं तर थिनर आरपार जातं, म्हणून घडी दुहेरी ठेवावी. पण लेख लिहिणाऱ्याने खान्देशातला मे महिना पाहिलेला दिसत नाही. पारा चव्वेचाळीसवर असताना उन्हातल्या बॉनेटवर हात टेकवत नाही. अशा वेळी स्प्रे गनमधून निघालेला रंग पत्र्यापर्यंत पोचायच्या आत त्यातलं थिनर उडून जातं. रंग पसरून बसत नाही, कोरडाच पडतो आणि खरखरीत लागतो. त्यासाठी उशिरा सुकणारं थिनर घ्यावं लागतं आणि काम सकाळी लवकर, सावलीत, पत्रा गार असताना उरकावं लागतं. पावसाळ्यात उलटं होतं. दमट हवेत एनसी, म्हणजे नुसत्या थिनरने लवकर सुकणाऱ्या रंगावर पांढुरका धूसरपणा येतो. दिवाळीनंतर हवा चांगली असते, पण जिनिंगच्या आसपास राहणाऱ्यांनी ओल्या रंगावरून कापसाचे तंतू चिमट्याने उचलायची तयारी ठेवावी.

एवढ्यासाठी मी पत्र लिहिलं नसतं. लेखात एका ओळीत म्हटलंय की टू-के रंग वापरा, चकाकी कंपनीसारखी येते. आणि त्याच्याच खाली, तोंडाला रुमाल बांधा.

टू-के म्हणजे आमच्याकडे ज्याला पीयू म्हणतात तो. त्यात रंग किंवा क्लिअर (वरचा चकाकीचा पारदर्शक थर) एका डब्यात आणि हार्डनर दुसऱ्या डब्यात येतो. मारायच्या आधी दोन्ही मापाने मिसळायचे. रंग कडक होतो तो या हार्डनरमुळे, आणि हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं. गनमधून त्याचा बारीक तुषार उडतो. तो डोळ्यांना दिसेनासा झाला तरी हवेत राहतो. रुमालाने तो अडत नाही, कोविडमधल्या मास्कनेही नाही. वास गेला म्हणजे हवा साफ झाली, असा पुष्कळांचा समज असतो. नाकाला येतो तो थिनरचा वास. आयसोसायनेट वासाने कळायच्या आधीच अपाय करण्याइतकं हवेत असू शकतं. म्हणून दोन डब्यांचा फिल्टर मास्क लावला तरी त्यातला हवा गाळणारा डबा कधी संपला, ते कळत नाही. चांगल्या वर्कशॉपमध्ये यासाठी हवा ओढून घेणारं बंद बूथ असतं आणि मारणाऱ्याच्या तोंडावर बाहेरून नळीने स्वच्छ हवा पुरवणारा मास्क असतो. आपल्याकडे तो किती ठिकाणी आहे, ते विचारू नका.

माझ्या हाताखाली एक पोरगा होता. हात इतका साफ की सिल्व्हर मेटॅलिकसुद्धा ढग न पडता मारायचा. मास्क लाव म्हटलं की 'काई व्हत नही आप्पा' म्हणून हसायचा. पुढे त्याला रात्री खोकला येऊ लागला. दिवसा ठीक, रात्री छाती भरायची. सुट्टीत गावी गेला की बरा, कामावर आला की पुन्हा तेच. डॉक्टर धुळीची अ‍ॅलर्जी म्हणून औषध देत राहिले. काम काय करतोस, हे फार उशिरा कोणीतरी विचारलं. एकदा अंगाने आयसोसायनेट धरलं की नंतर थोडंसंही पुरतं. दुसरा कोणी शेडच्या कोपऱ्यात क्लिअर मारत असला तरी हा बाहेर उभा राहून धापा टाकायचा. आता तो रिक्षा चालवतो आणि खिशात दम्याचा पंप ठेवतो.

आता हेच घराच्या पोर्चमध्ये मारलं तर काय? तिथे बूथ नाही. खिडकीच्या आत आजी झोपलेली, पोरं भोवती जमलेली. शिवाय थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत सरकत दाराच्या फटीतून आत जाते, आणि आत गॅस असतो, देवघरात समई असते. नुसत्या स्विचची ठिणगी पुरते.

घरी काहीच करू नये, असं माझं म्हणणं नाही. ओरखडा, बंपरचा कोपरा, आरशाची टोपी एवढं काम मोकळ्या अंगणात स्प्रेच्या साध्या डब्याने होतं. मास्क आणि हातमोजे तेव्हाही हवेतच. डबा घेताना त्यात हार्डनर नाही ना, हे बघावं. काही डब्यांना तळाशी बटण असतं, ते दाबलं की आतला हार्डनर मिसळतो. ते घेऊ नयेत. रंगाचा कोड बहुतेक गाड्यांत दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखाली सापडतो. मेटॅलिक रंगाचं ठिगळ मात्र दिसतंच, तिथे हट्ट करू नये.

आणखी एक. जुन्या जीपला मिलिटरीचा हिरवा रंग मारून द्या, असं सांगणारी पोरं नेहमी येतात. ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांनाच चालतो. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत तसं लिहिलंय. आरसीवर गाडीचा रंग नोंदलेला असतो, म्हणून पूर्ण रंग बदलायचा तर आधी आरटीओत जावं लागतं. एमएच 18 असो की 19, नियम एकच.

माझी विनंती एवढीच, की त्या लेखातली रुमालाची ओळ चुकीची आहे, हे ठळक चौकटीत छापावं. आणि रंगाच्या दुकानदारांबद्दलही लिहावं. हार्डनर पाण्याच्या रिकाम्या बाटलीत सुटा ओतून देतात, वर चिठ्ठी नाही, नाव नाही. मूळ डब्यावरची सूचना गिऱ्हाइकापर्यंत पोचतच नाही. अशी बाटली फ्रिजशेजारी ठेवलेली मी एका घरात पाहिली आहे. सुटा हार्डनर विकणं बंद व्हायला हवं.

आपला,
एक पेंटर, देवपूर, धुळे