संचातला दुसरा भाग न पाठवताच बंद केलेल्या तक्रारीबाबत

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन पुस्तक विक्री विभाग

विषय: 'रिंग' मालिकेच्या संचात 'स्पायरल' न मिळणे

सोबत: पावती, पार्सलची छायाचित्रे

महोदय,

जपानी भयकथालेखक कोजी सुझुकी यांच्या 'रिंग' मालिकेचे पहिले तीन भाग ('रिंग', 'स्पायरल', 'लूप'), इंग्रजी अनुवाद, असा संच मी आपल्याकडून आगाऊ पैसे भरून मागवला. पार्सलमधून 'रिंग', 'लूप' आणि 'बर्थडे' निघाली. 'स्पायरल' नाहीच. तक्रार नोंदवली, तर "तीन पुस्तके पाठवली, तीन मिळाली" एवढे कळवून आपल्या लोकांनी ती परस्पर बंद केली.

या मालिकेत क्रमालाच सगळी किंमत आहे. 'रिंग' (1991) मध्ये पत्रकार असाकावा आणि त्याचा मित्र ताकायामा सात दिवसांत जीव घेणाऱ्या व्हिडिओ कॅसेटच्या मागावर असतात. 'स्पायरल' (1995) सुरू होते ती ताकायामाच्या शवविच्छेदनापासून. ते करणारा डॉक्टर आंदो हा त्याचा कॉलेजातला सोबती, स्वतःचा लहान मुलगा समुद्रात गमावलेला. टाके घातलेल्या पोटातून वर्तमानपत्राचा एक कपटा बाहेर डोकावतो आणि त्यावर 178 आणि 136 हे आकडे असतात. तिथून ही भुताची गोष्ट विषाणू आणि डीएनएच्या वाटेला लागते. तो भाग गाळून 'लूप' (1998) उघडले, तर काय उलथून पडले आहे हेच समजणार नाही, कारण आधीचे जग पुरते उभेच राहिलेले नसते.

'बर्थडे' (1999) तर कादंबरीसुद्धा नाही, तीन कथांचे पुस्तक आहे. त्यातली पहिली कथा 'स्पायरल'मधल्या माई ताकानोची. ती आधी वाचली की 'स्पायरल'मधले एक मोठे रहस्य फुटलेच. ते पुस्तक मी मिटून ठेवले आहे.

फोनवरच्या प्रतिनिधीने सुचवले, "सिनेमा बघितला असेल तर लिंक लागेल." 'रिंग'वरच्या 1998 च्या त्या जपानी चित्रपटात पत्रकार स्त्री आहे, कादंबरीत पुरुष. पुढच्या भागातली गुंतागुंत त्यात नाही. भयकथा वाचणाऱ्याला कसेही चालते, असे गृहीत धरलेले पाहून मला फार वाईट वाटले.

वेष्टन फोडले म्हणून परत घेणार नाही, हेही उत्तर मला मान्य नाही. तिन्ही पुस्तके एकाच प्लास्टिकमध्ये बंद होती, फक्त वरचे दिसत होते. खालची कोणती ते फोडल्याशिवाय कळणार कसे? जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे माल नसेल तर विक्रेत्याला तो परत घेण्यास नकार देता येत नाही, असे ई-कॉमर्सविषयीचे 2020 चे ग्राहक संरक्षण नियम सांगतात.

तरी 'स्पायरल' त्याच अनुवादात, आपल्या खर्चाने पाठवावे आणि 'बर्थडे' घरून उचलावे. 'स्पायरल' शिल्लक नसेल तर संपूर्ण संच परत घेऊन पूर्ण रक्कम माझ्या खात्यात जमा करावी, कूपन नको. शिवाय संचाच्या पानावर प्रत्येक पुस्तकापुढे भाग क्रमांक लिहावा, म्हणजे नव्याने मागवणाऱ्याच्या हाती चुकीचे पुस्तक पडणार नाही.

त्याच नियमांप्रमाणे 48 तासांत या पत्राची पोच आणि महिनाभरात निवारण अपेक्षित आहे. तसे न झाल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन.

आपली ग्राहक,
सांगली